वाकेनविसी कागदांची परीक्षा : औरंगाबाद सुभा, इ. स. १६६७ ते १६७९

मुकुंदवाडी हें गांव औरंगाबादेच्या, म्हणजे इ. स. २०२३ पासून ज्यास छत्रपति संभाजीनगर असें नांव आहे त्या शहराच्या, पूर्वेस जालन्याच्या वाटेवर आहे. आतां तें शहरांतच मोडतें व तेथें रेल्वेचें स्थानकही आहे. येथील एका गृहस्थांनीं कांहीं महिन्यांपूर्वीं आम्हांस आपल्या घरचा मोडी कागदांचा एक रुमाल दाखविला. कागद जपलेले होते. इतके कीं, फाटूं नयेत म्हणून प्रत्येकाच्या पाठीस जाड पुठ्ठा खळीनें डकवून टाकला होता. एका कागदाचा कोपरा सुटला होता, तेथें पाठीवर ‘पै॥ छ’ एवढीं अक्षरें दिसलीं. पुढील आंकडा पुठ्ठ्याला चिकटून राहिला होता. आम्ही हळहळलों तेव्हां ते म्हणाले, "गुरुजी, मजकूर तर सगळा शाबूत आहे. पाठीवरच्या दोन अक्षरांचें एवढें काय घेऊन बसलांत?" प्रस्तुत लेख हें त्या प्रश्नाचें उत्तर होय.

‘पै॥’ म्हणजे पैवस्ती, कागद येऊन पोंचल्याची नोंद; आणि ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात् मुसलमानी महिन्याची तिथि. हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नलगे. परंतु बातमीच्या कागदाला एकंदर चार तारखा असतात, ही गोष्ट संग्राहकांच्या ध्यानांत रहात नाहीं असा आमचा अनुभव आहे. पहिली, घटना घडली ती. दुसरी, बातमी लिहिली ती. तिसरी, ती पोंचली ती. आणि चौथी, बातमी वाचून धन्यानें कांहीं केलें असल्यास त्या कृतीची. पहिल्या दोन मजकुरांत असतात व म्हणून छापल्या जातात. तिसरी पाठीवर असते व नकल करतांना गळते. चौथी त्या कागदावर नसतेच. ती दुसऱ्याच कोणत्या तरी दप्तरांत शोधावी लागते. एखाद्या राज्याची बातमी आणण्याची व्यवस्था कितपत उपयोगी होती हें कागदांच्या संख्येवरून, अक्षराच्या टापटिपीवरून किंवा डाकेच्या नियमितपणावरून ठरत नाहीं. तें तिसरी आणि चौथी या दोन तारखांमधील अंतरावरून ठरतें. मोंगल गाफील होते आणि मराठ्यांचे हेर तरबेज होते, एवढ्यावर हा विषय संपविण्याची आपल्याकडे चाल आहे. औरंगाबादच्या सुभ्यापुरता विचार करतां हें मत आम्हांस मान्य करवत नाहीं. मोंगलांस बातमी मिळत नव्हती असें नाहीं. मिळाल्यावर तिचें काय होई, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम ती व्यवस्था पाहूं. सुभ्यांतून दरबारास बातमी जाण्याचे मार्ग एकाहून अधिक होते, व ते मुद्दामच एकमेकांपासून वेगळे राखलेले होते. वाकेनवीस हा उघड अधिकारी. सुभेदाराच्या कचेरींत काय घडलें तें तो टिपून ठेवी. सवानिहनिगार हा जणूं त्याच्यावरची नजर. खुफियानवीस हा नांवाप्रमाणेंच गुप्त. हरकारे हे पायांनीं आणि कानांनीं चालणारे. ते तोंडी बातमीही आणीत. यदुनाथ सरकारांनीं मोंगल राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथांत जे नियम दिले आहेत त्यांप्रमाणें वाका आठवड्यास एकदां आणि सवानिह दोनदां जावयाचें. शिवाय सुभेदार व दिवाण यांचे कागद नळींत घालून महिन्यास दोनदां निघत. डाकचौकीच्या दारोग्यानें ते न फोडतां वर द्यावयाचे. मनुची म्हणतो कीं, हे कागद रात्रीं नऊच्या सुमारास महालांतील स्त्रिया बादशहास वाचून दाखवीत. मनुची बाजारगप्पाही इतिहास म्हणून लिहितो हें खरें. तथापि बादशहा हे कागद स्वतः ऐकत असे, इतकें त्यावरून धरावयास हरकत नाहीं.

या यंत्रांतून निघालेल्या कागदांचा मोठा सांठा औरंगाबादेसच, किल्ले अर्क येथें, पडून होता. इ. स. १९१६ त तो हैदराबादेस नेण्यांत आला. आज तो तेलंगण राज्याच्या अभिलेखागारांत आहे, व शहाजहान आणि औरंगजेब या दोन कारकीर्दींचे मिळून ते कागद दीड लाखांच्या घरांत जातात. कागद गांवाबाहेर गेल्याचें दुःख आमच्या पिढीच्या कानीं वडिलांकडून आलें. पण येथें राहिले असते तर त्यांचें काय झालें असतें, हें इथल्या रद्दीच्या दुकानांत उभें राहिल्यावर कळतें. त्यांपैकीं इ. स. १६६० ते १६७१ या काळांतील दक्षिणेचे निवडक वाके डॉ. युसुफ हुसेनखान यांनीं इ. स. १९५३ त छापून प्रसिद्ध केले. या दप्तरांत मनसबदारांचे आणि त्यांच्या घोड्यांचे चेहरेपट आहेत, हजेरी आहे, डागाची नोंद आहे. इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्या सरकारच्या हातून याच अकरा वर्षांच्या आंत सिंहगड गेला, पुरंदर गेला, आणि सुरत दोनदां लुटली गेली.

संस्कृत शिकलेल्या मनुष्यास येथें कौटिल्य आठवल्यावांचून रहात नाहीं. हेरांनीं परस्परांस ओळखूं नये, आणि तिघांचें म्हणणें जुळलें म्हणजे तें खरें मानावें, असा त्याचा दंडक आहे. शामशास्त्र्यांनीं अर्थशास्त्र इ. स. १९०९ त छापून काढीपर्यंत तो ग्रंथ फारसा कोणाच्या पाहण्यांत नव्हता; औरंगजेबाच्या तर नव्हताच. तरी त्याची व्यवस्था याच धोरणाची होती. परंतु या दंडकांत एक खाच आहे. तिघे हेर स्वतंत्र असले, तरी तिघांना एकच प्रश्न विचारला असेल, तर त्यांची उत्तरें जुळून उपयोग काय? दक्षिणेंतील वाकेनविसांना विचारला जाणारा प्रश्न बहुधा ‘शत्रु काय करीत आहे’ हा नसे. ‘आपला माणूस काय करीत आहे’ हा असे. आग्र्यास फौलादखान कोतवालाचा पहारा होता आणि खबर पाळीपाळीनें जात होती, इ. स. १६६६ च्या १७ आगस्ट रोजीं महाराज निघून गेले तरी कैदी आजारी आहे ही खबर दुसऱ्या दिवसापर्यंत चालूच राहिली. (या लेखांतील सतराव्या शतकाच्या इंग्रजी तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत, पुढें येणारी पानिपतची तारीख मात्र नव्या पंचांगाची.) नियमितपणा आणि उपयोग या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, हें दाखविण्यापुरतें तें उदाहरण पुरे. आमचें काम औरंगाबादेशीं आहे.

इ. स. १६६७ त शाहजादा मुअज्जम हा दक्षिणेचा सुभेदार होऊन औरंगाबादेस आला. पुढील वर्षीं महाराजांशीं तह होऊन प्रतापराव गुजर व निराजी रावजी हे मराठी पथकासह औरंगाबादेस राहिले. इ. स. १६६९ च्या अखेरीस तह मोडला. तो कसा मोडला याविषयीं सभासदानें दिलेली हकीकत अशी : प्रतापराव व निराजीपंत यांस कैद करावें असें बादशहाचें फर्मान निघालें, पण तें पोंचण्याच्या आधींच शाहजाद्याच्या दरबारांतील वकिलानें त्यास आगाऊ लिहून कळविलें. शाहजाद्यानें निराजीपंतांस बोलावून इशारा दिला. पथक निघून गेलें. मग फर्मान आलें, आणि शाहजाद्यानें उत्तर लिहिलें कीं, ते लोक आधींच पळून गेले आहेत.

सभासदाची बखर जिंजीस इ. स. १६९७ तील, म्हणजे घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांची. शाहजादा आणि निराजीपंत यांचें खाजगी बोलणें त्याला शब्दशः कळलें असेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण हकीकतीचा सांगाडा विश्वसनीय वाटतो, आणि त्यांतली मौज अशी कीं, येथें चारही तारखा हातीं लागतात. हुकूम निघाला; हुकमाची बातमी निघाली; बातमी आधीं पोंचली; आणि हुकूम पोंचण्यापूर्वींच कृति होऊन चुकली. सरकारी डाकेपेक्षां खाजगी वकिलाचा कागद वेगानें गेला. वकिलाचा जासूद सरकारी जासुदापेक्षां अधिक चपळ होता असें मानण्याचें कारण नाहीं. फर्मानाला मसुदा, मोहोर, नोंद इतक्या पायऱ्या उतरावयाच्या असतात. वकिलाला दौत आणि लेखणी पुरते. आणि दुसरें असें कीं, वकिलाला आपल्या धन्यास काय कळलें पाहिजे हें ठाऊक होतें. वाकेनविसास तें कोणीं सांगितलेलें नव्हतें.

आतां इ. स. १६७० चें वर्ष. या वर्षाकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. कारण या वर्षीं बादशहानें आपल्या बातमीव्यवस्थेची परीक्षा स्वतःच करून पाहिली. ४ फेब्रुवारीस सिंहगड आणि ८ मार्चला पुरंदर मराठ्यांनीं घेतला. एवढें होत असतां औरंगाबादेहून दरबारास जाणाऱ्या कागदांचा मुख्य विषय कोणता होता? शाहजादा मुअज्जम आणि दिलेरखान यांचें वैर! दिलेरखानास गोंडवनांतून बोलावणें गेलें. तो आला, पण शाहजाद्याच्या भेटीस जाईना. आपणांस भेटीच्या निमित्तानें धरतील अशी त्यास धास्ती होती. दिलेरखान हुकूम मानीत नाहीं असें शाहजाद्यानें लिहिलें. शाहजादा शिवाजीशीं आंतून मिळून बंडाच्या विचारांत आहे असें दिलेरखानाकडून गेलें. दोहोंकडचे कागद पोंचण्यांत खोट झाल्याचें कोठें दिसत नाहीं. उलट ते पोंचले म्हणूनच बादशहा पेंचांत सांपडला.

त्यानें दोन उपाय केले. शाहजाद्याची आई नवाबबाई हिला समजूत घालण्यास दक्षिणेंत पाठविलें. आणि खरें काय तें डोळ्यांनीं पाहून यावें म्हणून आपला खानसामान इफ्तिकारखान यास औरंगाबादेस रवाना केलें. खानसामान म्हणजे खासगी कारखान्यांचा मुख्य, विश्वासांतला माणूस. आजच्या भाषेंत खास तपासनीस म्हणावयाचा. या तपासनिसानें काय केलें तें ‘नुस्खा-इ-दिल्कुशा’ या ग्रंथांत आहे. ग्रंथकार भीमसेन हा बऱ्हाणपुरास जन्मलेला कायस्थ, लहानपणापासून औरंगाबादेस वाढलेला. या प्रकरणीं त्याचा शब्द आम्ही दरबारी इतिहासकारांहून वरचा मानतों. इफ्तिकारखान शाहजाद्यापाशीं दिलेरविषयीं भीति घाली आणि दिलेरपाशीं जाऊन शाहजादा तुला धरणार असें सांगे. दोघांनाही आपला हितकर्ता तोच वाटावा हा डाव. भांडण मिटण्याऐवजीं पेटलें. आगस्टांत दिलेरखान उत्तरेकडे पळत सुटला, आणि शाहजादा व जसवंतसिंह फौज घेऊन तापीपर्यंत त्याच्या पाठीवर गेले. दक्षिणेंतील मोंगलांची मुख्य फौज आपल्याच सरदाराचा पाठलाग करीत आहे, हें दृश्य मराठ्यांच्या कोणत्या हेरानें रचलें असतें तर त्याला आपण केवढें नांव दिलें असतें! पुढें इफ्तिकारखानाचें कपट उघडकीस येऊन त्याजवर बादशहाची गैरमर्जी झाली. पण त्यानें गेलेले महिने परत येत नाहींत.

या प्रकरणाचा दोष इफ्तिकारखानाच्या स्वभावावर ढकलून मोकळें होणें सोपें आहे. सरकारांचाही कल तिकडे दिसतो. आमचें म्हणणें थोडें निराळें आहे. तपासनिसाला जो प्रश्न देऊन पाठविलें तो कागदांतलाच प्रश्न होता : शाहजादा इमानी आहे कीं नाहीं? किल्ले कां जात आहेत, गडांवर दाणागोटा कां पोंचत नाहीं, फौज कां हलत नाहीं, हें विचारण्यास कोणीच आला नाहीं. समजा, इफ्तिकारखान धुतल्या तांदळासारखा असता. तरी त्यानें शाहजाद्याच्या इमानाचा निर्वाळा देऊन परत जावयाचें, यापलीकडे काय केलें असतें? ज्या मापाचा संशय आहे त्याच मापानें माप तपासणें, असा हा प्रकार झाला.

शाहजादा हुकमावरून औरंगाबादेस परततो न परततो तोंच ३ आक्टोबरला सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली. येथें एकाच बातमीचे दोन परिणाम शेजारींशेजारीं पहावयास मिळतात. महाराज येणार ही आवई सुरतेंत आधींपासून होती. इंग्रज वखारवाल्यांनीं ती ऐकून आपला बराच माल सुवाळीच्या बंदरावर हलविला होता, आणि वखारीच्या रक्षणास स्ट्रेनशाम मास्टर यास थोडक्या लोकांनिशीं ठेविलें होतें. शहराच्या अंमलदारानें तीच आवई ऐकली. शहर लुटलें गेलें. आवई दोघांस सारखीच. एकाची कृति बदलली, दुसऱ्याची बदलली नाहीं. मात्र न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, महाराज लूट घेऊन परततांना दाऊदखान कुरेशीला चांदवडास बातमी लागली, तो रात्रींच निघाला, आणि १७ आक्टोबरला वणी-दिंडोरीस त्यानें मराठ्यांस गांठलें. लढाई तो हरला. पण बातमी उपयोगी पडली नाहीं असें त्यावरून म्हणतां येणार नाहीं. लढाईचा निकाल आणि बातमीचा उपयोग यांचीं खातीं वेगळीं मांडावीं लागतात, आणि तीं एकत्र केल्यामुळेंच ‘मोंगल गाफील’ हें सरसकट मत रूढ झालें आहे.

इ. स. १६७९ त मुअज्जम पुन्हां औरंगाबादेस सुभेदार होता. त्या नोव्हेंबरांत महाराजांनीं जालना चार दिवस लुटलें. जालना औरंगाबादेपासून सुमारें चाळीस मैल. वाट आमच्या मुकुंदवाडीवरूनच जाते. धांवता जासूद एका दिवसांत हें अंतर तोडतो. म्हणजे बातमी शहरांत पोंचल्यावरही निदान दोनतीन दिवस जालन्याची लूट चालू राहिली असली पाहिजे, असा हिशेब निघतो. परतीच्या वाटेवर रणमस्तखानानें मराठ्यांस गांठलें. तेथें सिधोजी निंबाळकर पडले. औरंगाबादेहून केसरसिंह व सरदारखान कुमकेस आले; आणि सभासदाच्या सांगण्याप्रमाणें त्याच केसरसिंहानें महाराजांस गुप्तपणें कळविलें कीं, वेढा पुरा होण्यापूर्वीं निघून जावें. पुढें बहिर्जीनें आडवाटेनें तीन दिवस व तीन रात्री चालवून सर्वांस पट्टागडास पोंचविलें. बहिर्जीची कीर्ति ती योग्यच आहे. पण आमच्या हिशेबांत त्याच्या यशाचें कारण त्याच्या पायांइतकेंच धन्याच्या कानांत होतें : हेर सांगतो तिकडे राजा स्वतः चालूं लागतो, आणि तिसऱ्या व चौथ्या तारखेमध्यें एका रात्रीचेंही अंतर पडत नाहीं.

ही गोष्ट मराठ्यांच्या रक्तांत होती असें मात्र कोणीं समजूं नये. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारींत संगमेश्वरीं मुकर्रबखान चालून आला तेव्हां संभाजीमहाराजांस हेरांनीं आगाऊ कळविलें होतें, पण त्यांनीं तें खरें मानलें नाहीं, असें खाफीखान लिहितो. खाफीखान शत्रुपक्षाचा, आणि या प्रसंगाचें त्याचें वर्णन फार तिखटमीठ लावलेलें आहे; त्यांतील तपशील आम्ही घेत नाहीं. तरी उलट बाजूची एक गोष्ट निर्विवाद आहे. मुकर्रबखानानें आपल्या स्वतःच्या हरकाऱ्यांच्या बातमीवरून कोल्हापुराकडून तडक घांट उतरला. दक्षिणेंतील मोंगलांचें सर्वांत मोठें यश वाकेनविसाच्या आठवड्याच्या कागदांतून निघालें नाहीं. ज्याला बातमी हवी होती त्यानेंच माणूस पाठविला आणि ज्यानें ऐकली तोच घोड्यावर बसला.

औरंगाबादेशीं संबंध असलेला आणखी एक कागद सांगून हा विषय आटोपतों. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते, आणि भाऊसाहेबांकडील खात्रीची बातमी त्यांस मिळत नव्हती. ग्रँट डफ म्हणतो कीं, नर्मदा ओलांडण्याच्या सुमारास सावकारांचा एक जासूद त्यांच्या लष्कराजवळून जातांना सांपडला. पानिपताहून औरंगाबादेच्या सावकारांस नऊ दिवसांत पत्र पोंचविण्याचा त्याचा करार होता. तें पत्र फोडून पेशव्यांनीं वाचलें. मोतीं, मोहोरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेंत दोन्ही तरुण धनी, नामांकित सरदार आणि अगणित सामान्य लोक गेल्याची वार्ता त्यांत होती. जें राज्य देशभर वकील ठेवीत होतें, ज्याच्या दप्तराचे रुमाल आज पुण्यास पाहूं जातां छाती दडपते, त्या राज्याच्या धन्यास आपल्या सर्वनाशाची बातमी औरंगाबादेच्या पेढीच्या टपालांतून मिळाली. सावकारास कागद कशासाठीं हवा होता? हुंड्या थांबवाव्या कीं नाहींत, हें ठरविण्यासाठीं. प्रश्न नेमका, उत्तराची मुदत नेमकी, आणि उशीर झाल्यास नुकसान कोणाचें हेंही नेमकें. त्या पत्राची पैवस्ती औरंगाबादेस कधीं नोंदली गेली, किंवा गेलीच नाहीं, हें कोणाच्या संग्रहांतील पेढीच्या वहीवरून निघाल्यास आम्हांस अवश्य कळवावें.

मुकुंदवाडीच्या गृहस्थांचें मन वळविण्यास आम्हांस दोन बैठका लागल्या. दमट फडक्यानें खळ सैल करून आतांपर्यंत दोन कागदांच्या पाठी मोकळ्या केल्या आहेत. एकीवर कांहीं नाहीं. दुसरीवर पैवस्तीची तिथि स्वच्छ वाचतां येते. परंतु त्याच कागदाची खालची कड, जेथें लिहिल्याची तारीख असावयाची, ती चौकटींत नीट बसावी म्हणून पूर्वींच कोणीं तरी कातरून टाकलेली आहे.